नॉरवुडचा संप आणि १९७२ च्या कॅमारो-फायरबर्ड : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत १९७२ ची शेव्हरोले कॅमारो किंवा पाँटिअॅक फायरबर्ड (दोन्ही जनरल मोटर्सच्याच स्पोर्टी गाड्या) विकायला निघाली, की जाहिरातीत 'स्ट्राइक इयर कार', म्हणजे संपाच्या वर्षाची गाडी, हे शब्द हमखास सापडतात आणि किमतीत त्याचे पैसे आधीच धरलेले असतात. त्या संपाबद्दल, गाडी ओळखण्याबद्दल आणि किमतीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : हा संप नेमका कुठे आणि कशावरून झाला? जनरल मोटर्सचा मोठा संप तर १९७० चा ना?

दोन्ही झाले, आणि विक्रेते बऱ्याचदा त्यांची सरमिसळ करतात. १९७० चा संप देशव्यापी होता. युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेने १५ सप्टेंबर १९७० ला तो पुकारला, सुमारे चार लाख कामगार बाहेर पडले आणि ६७ दिवस जनरल मोटर्सचं उत्पादन जवळपास बंद राहिलं. मागण्या वेतनाच्या, महागाई भत्त्यावरची कमाल मर्यादा उठवण्याच्या आणि ३० वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तीच्या होत्या. त्याचा फटका १९७१ च्या मॉडेलना बसला.

नॉरवुडचा संप एकाच कारखान्याचा. नॉरवुड म्हणजे ओहायो राज्यात सिनसिनाटीने चहूबाजूंनी वेढलेलं छोटं शहर. तिथला बॉडीचा विभाग (फिशर बॉडी) आणि शेव्हरोलेचा जोडणी विभाग एकत्र करून 'जनरल मोटर्स असेंब्ली डिव्हिजन'च्या ताब्यात देण्यात आले. या डिव्हिजनची कामाची पद्धत सगळीकडे सारखीच होती : माणसं कमी करायची आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त कामं द्यायची. तक्रारींचा ढीग साचत गेला आणि ७ एप्रिल १९७२ ला काम थांबलं. ते सुरू व्हायला सप्टेंबरची अखेर उजाडली, एकूण १७४ दिवस. त्याच वर्षी मार्चमध्ये ओहायोतल्याच लॉर्ड्सटाउनला व्हेगा गाडीच्या कारखान्यात २२ दिवसांचा संप झाला होता. वर्तमानपत्रांत गाजला तो लॉर्ड्सटाउनचा. नॉरवुडचा त्याच्या जवळपास आठपट लांबला.

१९७२ च्या सगळ्या कॅमारो आणि फायरबर्ड नॉरवुडमध्येच तयार होत होत्या. दुसरा कारखाना हाताशी नसल्यामुळे लाइन थांबली त्या दिवशी दोन्ही गाड्यांचं वर्षच संपलं.

प्रश्न : १९७२ ला झेड-२८, म्हणजे कॅमारोची जास्त ताकदीची आवृत्ती, फक्त २,५७५ निघाल्या. हा आकडा पूर्णपणे संपामुळेच इतका खाली आला का?

नाही. विक्रेत्याने हा आकडा तोंडावर फेकला, तर ही आकडेमोड करून पाहावी. १९७२ चं मॉडेल १९७१ च्या उन्हाळ्याअखेरीस सुरू झालं. म्हणजे संपापर्यंत साधारण आठ महिने मिळाले. त्या काळात सुमारे ६८,६५० कॅमारो निघाल्या, महिन्याला साडेआठ हजारांच्या आसपास. संप नसता तर मॉडेल बदलाची सुट्टी लागेपर्यंत आणखी सव्वातीन महिने काम चाललं असतं. त्याच वेगाने २८ हजार गाड्या वाढल्या असत्या आणि बेरीज ९६-९७ हजारांवर गेली असती. १९७१ ला, त्या वर्षीही ६७ दिवस संपात गेले असताना, सुमारे १,१४,६०० निघाल्या होत्या. आता झेड-२८ पाहा. महिन्याला ३२० च्या हिशेबाने ती ३,६०० वर थांबली असती. १९७१ चा आकडा ४,८६२ आणि १९७० चा ८,७३३.

म्हणजे घसरण आधीच सुरू होती. विमा कंपन्या जास्त ताकदीच्या गाड्यांना जबर हप्ता लावत होत्या. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते प्रमाण) उतरवावं लागलं होतं. झेड-२८ चं एलटी-१ इंजिन १९७० ला ११:१ कॉम्प्रेशनवर ३६० अश्वशक्तीचं होतं. १९७१ ला ते ९:१ वर ३३० झालं आणि १९७२ ला कागदावर २५५ उरलं. (या शेवटच्या घसरणीतला मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. १९७२ पासून 'नेट' मोजणी, म्हणजे गाडीत बसवतात तशी सगळी जोडणी लावून इंजिनाची ताकद मोजणं, सुरू झाली. १९७१ चं तेच इंजिन नेट मोजलं तर २७५ भरत होतं.) संपाने घसरत्या आकड्याला खाली ढकललं, आणि तेही वसंतात, म्हणजे ऐन विक्रीच्या हंगामात. पण सगळं श्रेय संपाला देऊ नये.

प्रश्न : संपात अर्धवट राहिलेल्या गाड्या नंतर भंगारात काढल्या असं वाचलं. एक विक्रेता म्हणतो, त्याची गाडी त्यातूनच वाचलेली आहे.

पहिला भाग खरा आहे. लाइनवर अडकलेल्या सुमारे १,१०० बॉड्या मोडीत काढाव्या लागल्या. १ सप्टेंबर १९७२ पासून केंद्रीय सुरक्षा मानक २१५ लागू झालं. पुढचा बंपर ताशी ५ मैल आणि मागचा ताशी अडीच मैल वेगाने भिंतीला धडकला, तरी दिवे, इंधन यंत्रणा वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, अशी अट होती. कायदा पाहतो ती गाडी तयार झाल्याची तारीख. ती मॉडेल कुठल्या वर्षाची आहे याने फरक पडत नाही. सप्टेंबरअखेर संप मिटला तेव्हा १९७२ च्या नाजूक बंपरची गाडी पूर्ण करून विकणं बेकायदा ठरलं असतं. नवे बंपर आणि त्यामागचे जाड ब्रॅकेट त्या बॉड्यांवर बसवण्यापेक्षा भंगार स्वस्त पडलं.

दुसऱ्या भागाचं म्हणाल, तर अशा दाव्यांना कागद नसतो. अर्धवट बॉडीला विक्रीचा इनव्हॉइस नाही, पहिला डीलर नाही, नोंदणीही नाही. विक्रेत्याकडे ऐकीव गोष्टीशिवाय काही नसेल, तर त्या गोष्टीचा एक डॉलरही देऊ नका.

प्रश्न : १९७२ ची झेड-२८ खरी आहे की साध्या कॅमारोवर उभी केलेली, हे गाडीजवळ उभं राहून कसं ओळखायचं?

या वर्षाचा एक मोठा फायदा आहे. १९७२ पासून शेव्हरोलेच्या गाडी क्रमांकात इंजिनाचं अक्षर आलं. १९७० किंवा १९७१ ची झेड-२८ नुसत्या क्रमांकावरून सिद्ध होत नाही, १९७२ ची होते. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसणाऱ्या डॅशवरच्या पट्टीवर १३ अक्षर-अंक असतात. १ म्हणजे शेव्हरोले, क्यू म्हणजे कॅमारो, ८७ म्हणजे दोन दरवाजांची कूपे, पाचवं अक्षर इंजिनाचं, मग २ म्हणजे १९७२, एन म्हणजे नॉरवुड आणि शेवटी ५ ने सुरू होणारा सहा आकडी अनुक्रमांक. पाचवं अक्षर 'एल' असेल तर गाडी एलटी-१ घेऊन बाहेर पडली, म्हणजेच झेड-२८. 'यू' असेल तर ४०२ घनइंची मोठं इंजिन, जे 'एसएस ३९६' या नावाने विकलं जात होतं. त्या ९७० च निघाल्या. 'एफ' म्हणजे साधं ३०७ घनइंची इंजिन. एफ असलेल्या गाडीवर पट्टे, स्पॉइलर आणि झेड-२८ ची चिन्हं दिसली, तर ती हौसेने सजवलेली साधी कॅमारो. तिची किंमतही त्याच हिशेबाने.

पट्टी मूळची आहे ना, हे तिच्या रिव्हेटवरून पाहावं. कारखान्याचे रिव्हेट फुलाच्या पाकळ्यांसारख्या डोक्याचे असतात. गुळगुळीत गोल डोक्याचे पॉप रिव्हेट दिसले, तर तिथेच थांबा.

पुढे फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यावरचा) टॅग. त्यावर बॉडीचा आठवडा लिहिलेला असतो : महिन्याचे दोन आकडे आणि आठवड्याचं अक्षर. '०२सी' म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. १९७२ च्या गाडीवर ०८ पाहून दचकू नका, तो ऑगस्ट १९७१ आहे. पण ०५ किंवा ०६ येऊच शकत नाही, कारण मे-जूनमध्ये कारखाना बंद होता. 'संपाच्या अगदी शेवटच्या दिवसातली गाडी' असा दावा असेल, तर टॅगवर ०४ए च्या आसपासची तारीख दिसली पाहिजे.

मग इंजिन. इथे घाई झाली की पैसे बुडतात. प्रवाशाच्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकवर एक छोटा सपाट पॅड असतो. अल्टरनेटरचं ब्रॅकेट आणि तेलकट काजळी यांच्या आड तो नीट दिसत नाही. ब्रेक क्लीनर आणि मऊ फडक्याने पुसा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका, पुरावाच निघून जाईल. टॉर्च समोरून नको, एका बाजूने तिरपा धरा. एक शिक्का 'व्ही' या अक्षराने सुरू होतो. 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना. त्यापुढे महिना-दिवसाचे चार आकडे आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. दुसरा शिक्का म्हणजे गाडी क्रमांकाचं छोटं रूप : १, २, एन आणि सहा आकडी अनुक्रमांक. तो पॅडवर नसेल तर तेलाच्या फिल्टरजवळ, ब्लॉकच्या खालच्या कडेला शोधा. तो डॅशवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे.

आकड्यांइतकाच पॅडचा पृष्ठभाग महत्त्वाचा. कारखान्यात ब्लॉकचा वरचा भाग ब्रोचिंग यंत्राने तासत, त्याच्या बारीक समांतर रेषा पॅडवर पुढून मागे धावतात. पॅड आरशासारखा गुळगुळीत, किंवा त्यावर घासल्याच्या गोल खुणा असतील, तर ब्लॉक कधीतरी पुन्हा तासला आहे. इंजिन ओव्हरहॉलमध्ये हे प्रामाणिकपणेही घडतं. पण गुळगुळीत पॅडवर ताजे, टोकदार, अचूक आकडे दिसले, तर तो प्रामाणिकपणा नव्हे.

तारखांचा क्रमही जुळवून पाहावा. ब्लॉकची ओतकाम तारीख मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या फ्लँजजवळ उठावात असते. 'बी १४ २' म्हणजे १४ फेब्रुवारी १९७२. आधी ओतकाम, मग इंजिन जोडणी, मग बॉडी. मधलं अंतर काही दिवसांपासून दोन-एक महिन्यांपर्यंत चालतं. बॉडीच्या तारखेनंतर ओतलेला ब्लॉक म्हणजे बदललेलं इंजिन. ब्लॉकचा ३९७००१० हा ओतकाम क्रमांक झेड-२८ ला बरोबर आहे. मात्र तोच ब्लॉक पुढे कित्येक वर्षं साध्या ३५० इंजिनांनाही वापरला गेला, त्यामुळे एकटा तो काहीच सिद्ध करत नाही. मागचा डिफरन्शियल १२ बोल्टचा हवा : झाकणावरचे बोल्ट मोजा, १० भरले तर तो बदललेला आहे.

प्रश्न : ट्रान्स अॅमला, म्हणजे फायरबर्डच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीला, हीच पद्धत चालते का?

चालते, आणि काम आणखी सोपं होतं. पाँटिअॅकचे मूळ कारखाना इनव्हॉइस जपलेले आहेत. 'पाँटिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस'कडे गाडी क्रमांक पाठवला, की फी घेऊन प्रत मिळते. त्यात इंजिन, गिअरबॉक्स, रंग, पर्याय आणि पहिला डीलर, सगळं असतं. अमेरिकेत बनून तिथेच विकलेल्या कॅमारोला अशी सोय नाही. तिथे गाडीसोबत टिकलेली कागदपत्रं आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा पेट्रोल टाकीवर कधीकधी सापडणारं बिल्ड शीट (गाडीत काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) यावरच भिस्त असते.

१९७२ ची ट्रान्स अॅम असेल तर क्रमांकाची सुरुवात २, व्ही, ८७ आणि पुढे एक्स अशी हवी. एक्स म्हणजे ४५५ एचओ हे ४५५ घनइंची जास्त ताकदीचं इंजिन. एकूण १,२८६ निघाल्या : ८२८ चार गिअरच्या आणि ४५८ ऑटोमॅटिक. रंग दोनच, कॅमिओ पांढरा आणि ल्यूसर्न निळा. लाल किंवा हिरवी ट्रान्स अॅम '७२ ची मूळ' म्हणून दाखवली, तर ती रंगवलेली आहे. सिलिंडर हेडवर ७एफ६ हा ओतकाम खुणेचा क्रमांक आणि गोल एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर पडण्याची तोंडं) पाहा. नेहमीच्या ४५५ चे पोर्ट डी आकाराचे असतात. हेड बदलले असतील तर तो जोड शोधून बसवायला डोकं आणि खिसा दोन्ही लागतात.

प्रश्न : गाड्या कमी पडल्या, तर त्या वेळी शोरूमच्या किमती वाढल्या नाहीत का?

छापील किमती उलट उतरल्या होत्या, आणि त्याचा संपाशी काही संबंध नाही. अध्यक्ष निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ ला ९० दिवसांसाठी वेतन आणि किमती गोठवल्या. त्यानंतरही किंमतवाढीला सरकारी प्राइस कमिशनची मंजुरी लागे. शिवाय १९७१ च्या अखेरीस मोटारींवरचा ७ टक्के केंद्रीय अबकारी कर रद्द झाला. ट्रान्स अॅमची मूळ किंमत १९७१ ला ४,५९५ डॉलर होती, ती १९७२ ला ४,२५६ झाली. झेड-२८ पॅकेजचा दर ७८६.७५ वरून ७६९.१५ डॉलरवर आला. संपामुळे टंचाई झाली ती डीलरच्या आवारात. काचेवरच्या स्टिकरवर ती दिसत नाही. जुना मूळ स्टिकर हाती आला, तर ही उतरलेली किंमत पाहून तो बनावट समजू नये.

प्रश्न : आज 'संपाच्या वर्षाची' म्हणून किती जास्त द्यावं?

नुसत्या त्या शब्दासाठी काहीच नाही. १९६९ ला झेड-२८ वीस हजारांहून जास्त निघाल्या, १९७२ ला २,५७५. तरी बाजारात १९६९ ची गाडी १९७२ च्या गाडीहून महाग असते. लोकांना जे रूप आणि जी ताकद हवी असते, तिला भाव मिळतो. १९७० ची झेड-२८ देखील तिप्पट संख्येने असूनही ३६० अश्वशक्तीच्या जोरावर वर राहते. साध्या ३०७ कॅमारोला संपाचा काडीचा फायदा नाही.

तेव्हा हिशेब असा मांडावा. त्याच प्रकारच्या, त्याच स्थितीतल्या १९७१ च्या गाडीचे अलीकडचे प्रत्यक्ष विक्रीचे दर घ्या. जाहिरातीतले मागणीचे दर नव्हेत. तिथून सुरुवात करा. १९७२ च्या गाडीचं इंजिनाचं अक्षर एल, यू किंवा (पाँटिअॅकची) एक्स असेल, मूळ इंजिन-गिअरबॉक्स जुळत असतील आणि कागद असेल, तर दुर्मिळतेसाठी वर जायला हरकत नाही. यातलं एक जरी गळलं, तरी १९७१ च्या दराला चिकटून राहा. इंजिन बदललेलं असेल तर त्याच्याही खाली.

दुर्मिळतेची दुसरी बाजू खर्चाची आहे. त्याच एका वर्षाचे भाग शोधावे लागतात : १९७२ च्या फायरबर्डची मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीची ग्रिल. पुढचा पत्रा १९७० ते ७३ सारखाच बसतो, म्हणून अपघातात सापडलेल्या गाड्यांवर सर्रास १९७३ चे बंपर आणि ब्रॅकेट चढवलेले असतात. खाली वाकून ब्रॅकेट पाहा. जाड आणि जास्तीचे टेकू असलेले ब्रॅकेट १९७३ चे.

प्रश्न : संपाआधीच्या असंतोषाच्या काळात बनलेल्या गाड्या वाईट जोडलेल्या असतात का?

पन्नास वर्षांनंतर लाइनवरच्या जोडणीपेक्षा गंजाचा दोष कितीतरी मोठा. विंडशिल्डच्या पट्टीखालची खाच आधी पाहा. तिथे पाणी साचून पत्रा खातो आणि पाणी थेट गाडीतल्या पायाखालच्या पत्र्यावर उतरतं. गालिचा उचलल्याशिवाय व्यवहार करू नका. पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) सहा रबरी बुशांवर बॉडीला बसते. फायरवॉलखालच्या जोडीभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहा. तो आत गेला, तर दरवाजांच्या फटी कधीच सरळ येणार नाहीत. मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीची जमीन लोहचुंबकाने तपासावी. चुंबक धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा भराव आहे.

प्रश्न : शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या १९६९ च्या गाड्या इतक्या जास्त आणि १९७० च्या इतक्या कमी का?

तेही संपाचंच फळ, पण उलट दिशेने. सेंट लुइसच्या कारखान्यात १९६९ ला संप झाला, ऑर्डर तुंबल्या, म्हणून १९६९ चं मॉडेल त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालू ठेवलं. आकडा ३८,७६२ वर गेला. १९७० ची गाडी उशिरा आली आणि १७,३१६ वर थांबली. इथे संपाने एका वर्षाची गाडी वाढवली आणि पुढच्या वर्षाची घटवली. १९७० ची मूळ किंमत कूपेला ४,७८१ वरून ५,१९२ डॉलर झाली, ती मात्र संपामुळे नव्हे. चार गिअरचा बॉक्स, पॉझिट्रॅक्शन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा डिफरन्शियल) आणि रंगीत काच त्या वर्षी मूळ किमतीत धरले गेले. १९६९ ला त्यांचे पैसे वेगळे पडत.

१९६९ ची कॅमारोही लांबली, पण ते संपामुळे झालं असं छापलेलं आढळलं तर विश्वास ठेवू नका. नव्या बॉडीचे साचे वेळेत तयार झाले नव्हते.

प्रश्न : ब्रिटिश गाड्यांत असं उदाहरण आहे का?

ट्रायम्फची टीआर-७ ही स्पोर्ट्स कार. लिव्हरपूलजवळच्या स्पीक कारखान्यात नोव्हेंबर १९७७ मध्ये संप सुरू झाला, चार महिने चालला आणि मे १९७८ मध्ये कारखानाच बंद झाला. उत्पादन कॉव्हेंट्रीच्या कॅनलीला गेलं. या गोंधळात १६ व्हॉल्व्हची 'स्प्रिंट' आवृत्ती रद्द झाली. चाचणीसाठी बनलेल्या साठेकच आहेत, आणि भाव त्यांनाच आहे. स्पीकला बनलेल्या साध्या टीआर-७ ला संपामुळे एक पौंडही जास्त मिळत नाही. खरेदीदार उलट कॅनलीची गाडी मागतात.